गंगेचा पूर ओसरला, आता पुढे? पंचनामा, मदत, विमा आणि साफसफाई यांचा बरोबर क्रम

गोदावरीचा, म्हणजे नाशिककरांच्या गंगेचा, पूर ओसरला की नाशिकमध्ये पहिला आवाज येतो तो खराट्याचा. सराफ बाजार, भांडी बाजार, कापड बाजार, दहीपूल, सगळीकडे शटर वर आणि चिखल बाहेर. दुपारपर्यंत दुकान लख्ख. मग दोन-तीन दिवसांनी तलाठी येतो, नाहीतर विम्याचा सर्व्हेअर येतो आणि विचारतो, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" दाखवायला काहीच उरलेलं नसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मामांनी हेच केलं. दुकानात छातीएवढं पाणी होतं. भिजलेले खोके, गंजायला लागलेला माल, फुगलेलं फर्निचर, सगळं त्यांनी पोरांना हाताशी धरून एका दिवसात घंटागाडीत भरून दिलं. सर्व्हेअर आला तेव्हा फरशी पुसलेली होती. त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, माल कुठाय?" दावा मंजूर झाला, पण निम्म्याहून कमी रकमेचा. मामा आजही विमा कंपनीला शिव्या देतात. मला मात्र वाटतं, चूक घंटागाडीच्या वेळेची होती.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, आणि कुठे लोक हमखास घसरतात. पूर असो, अतिवृष्टी असो की निसर्गसारख्या चक्रीवादळाची शेपटी असो (३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या त्या वादळाने आपल्या जिल्ह्यातही पत्रे उडवले होते), क्रम तोच.

## टप्पा १ : मे महिन्यात करायची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. नंतर होणारे निम्मे हेलपाटे इथेच वाचतात.

१. बँक खातं तपासा. मदतीचे पैसे हल्ली थेट खात्यात जमा होतात (यालाच डीबीटी म्हणतात) आणि त्यासाठी खात्याला आधार सीडिंग लागतं, म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद. "माझं आधार लिंक आहे हो" असं सगळेच म्हणतात. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग होणं वेगळं. तुमची तीन खाती असतील तर डीबीटीचे पैसे शेवटी जिथे सीडिंग केलंत तिथे जातात. ते कदाचित दहा वर्षं न वापरलेलं, गोठलेलं खातं असेल. बँकेत जाऊन नेमकं हेच विचारा: "डीबीटीसाठी माझं आधार कोणत्या खात्याला मॅप आहे?"

२. नावं जुळवा. आधारवर "सुनिता", पासबुकावर "सुनीता", रेशन कार्डावर माहेरचं नाव. एरवी चालून जातं. मदतीच्या यादीत चालत नाही.

३. कागदांची पिशवी. आधार, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, वीजबिल, घरपट्टीची पावती, भाडेकरार किंवा भाडेपावत्या, विमा पॉलिसी, दुकान असेल तर दुकान नोंदणी आणि मागच्या वर्षीची विवरणपत्रं. झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि ती पिशवी घरातल्या सर्वांत उंच जागी ठेवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एक प्रत सरळ इंदिरानगर, गंगापूर रोड असं लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. जे कागद डिजीलॉकरमध्ये येतात ते तिथे आणून ठेवा.

४. "आधीचा" व्हिडिओ. घराचा किंवा दुकानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ. कपाटं उघडी, फ्रिजचा आणि मशीनचा अनुक्रमांक दिसेल असा. पूर आल्यानंतरचे फोटो सगळ्यांकडे असतात. आधी काय होतं याचा पुरावा कुणाकडे नसतो.

५. पॉलिसी वाचा, विशेषतः पत्ता. भांडी बाजारात दुकान आणि माल मात्र दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या तळघरात, पॉलिसीवर फक्त दुकानाचा पत्ता. तळघरातला माल बुडाला तर तो विम्यात नाही. घरासाठी "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून मिळते, तिच्यात पूर आणि वादळ येतं. गृहकर्जासोबत घेतलेला विमा बहुतेकदा फक्त इमारतीचा असतो, घरातल्या सामानाचा नाही. हेही आत्ताच बघा.

६. गाडी कुठे हलवायची ते ठरवा. गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण, गणेशवाडी इथे लावलेल्या गाड्या दर पावसाळ्यात बुडतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की गाडी हलवायची, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला जायचं नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी हे आपलं पिढ्यान् पिढ्यांचं मोजमाप आहे खरं. पण कमरेला पाणी लागल्याचं तुम्ही डोळ्यांनी बघताय याचा अर्थ तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. आणि पाणी फक्त धरणातून येत नाही. नासर्डी, वाघाडी यांचं पाणी धरणाच्या खाली मिसळतं. त्यामुळे "विसर्ग कमी आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

> तपासा: पुराच्या दिवशी घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तर "कागदांची पिशवी कुठे आहे" याचं उत्तर मिळतं का?

## टप्पा २ : पाणी उतरलं, पण आत जायची घाई नको

पाणी उतरल्यावर दोन गोष्टी जीव घेतात: वीज आणि भिंत.

वीज. मेनस्विच जमिनीपासून उंच असेल, कोरडा असेल आणि तिथवर कोरड्या पायांनी जाता येत असेल, तरच बंद करा. नाहीतर महावितरणच्या १९१२ वर फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. वीज परत आली म्हणजे घर सुरक्षित झालं असं नाही. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या आतलं वायरिंग, भिजलेले बोर्ड, मोटार हे परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय एमसीबी वर करू नका. भिजलेला फ्रिज "चालतोय का बघू" म्हणून प्लगला लावणं ही दरवेळची चूक.

गॅस. वास आला तर दिवा, पंखा, काडी काही नाही. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा. वाहून आलेलं सिलिंडर कुणाचंही असो, ते घरात घेऊ नका.

भिंत. हे जुन्या नाशिककरांसाठी खास. पंचवटीत, जुन्या गावठाणात अजून मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंतींचे वाडे आहेत. लोकांना वाटतं की वाडा पावसात पडतो. पाण्याने फुगलेली भिंत ऊन पडल्यावर आकसते, तडकते आणि तेव्हाही बसते. म्हणजे तुम्ही निवांत होऊन सामान वाळत घालत असता तेव्हा. कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीला घासतंय, भिंतीला पोट आलंय, छतातून माती गळतेय, यातलं एकही दिसलं तर बाहेर पडा आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात कळवा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाला नोटीस निघते. भाडेकरूंना नोटिशीची भीती वाटते, कारण जागा जाईल असं वाटतं. भीती समजू शकतो. पण भिंतीखाली राहण्यापेक्षा नोटिशीत भाडेकरू म्हणून तुमचं नाव आणि तुमच्या वापरातलं क्षेत्र नोंदवून घ्या, भाडेपावत्या जपा आणि तात्पुरते दुसरीकडे जा.

तळघर. बाहेरची जमीन पाण्याने गच्च असताना तळघर एका दमात उपसलं तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. थोडं उपसा, थांबा, पातळी परत चढते का बघा, मग पुढचं.

साप. पुराबरोबर ते कोरडी जागा शोधत घरात येतात. काठीने ढिगारा हलवल्याशिवाय हात घालू नका. साप दिसला तर वन विभागाचा १९२६. चावला तर कापणं, आवळणं, चोखणं काही नाही. रुग्णाला न चालवता थेट त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात न्या, प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

## टप्पा ३ : खराट्याच्या आधी फोन

आता आत आलात. कशालाही हात लावायच्या आधी:

१. बाहेरून सुरुवात. इमारतीचा दर्शनी भाग, घरक्रमांक किंवा दुकानाची पाटी आणि रस्त्यावरची एखादी ओळखीची खूण एकाच फोटोत.

२. पाण्याची रेघ. भिंतीवर चिखलाची पट्टी उमटलेली असते. तिला मोजपट्टी लावून फोटो. "छातीएवढं" हे माप कागदावर चालत नाही, "४ फूट २ इंच" चालतं. फोनमध्ये जागा आणि वेळ छापणारं कॅमेरा ॲप असेल तर तेच वापरा.

३. प्रत्येक खोली चार कोपऱ्यांतून, मग प्रत्येक वस्तू जवळून. फ्रिज, मशीन, मोटार यांचा अनुक्रमांक वाचता आला पाहिजे.

४. एका वहीत यादी: वस्तू, नग, कधी घेतली, अंदाजे किंमत. बिल असेल तर टीप.

५. पाणी किती वाजता आत आलं आणि किती वाजता उतरलं हे त्याच वहीत लिहा आणि शेजाऱ्याची सही घ्या. याचं कारण टप्पा ६ मध्ये आहे. ही ओळ विसरू नका.

हे झालं की साफसफाई सुरू करा, पंचनाम्याची वाट बघत चिखलात बसायची गरज नाही. फक्त दोन पथ्यं: एक भिंत न धुता तशीच ठेवा, पाण्याची रेघ तिच्यावर राहू द्या. आणि फेकायचा माल एका कोपऱ्यात किंवा गच्चीवर रचून ठेवा. सडणारा माल ठेवता येत नसेल तर मोजून, फोटो काढून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मगच घंटागाडीत द्या.

> सावध: भिजलेल्या नोटा, पासबुकं, हिशोबाच्या वह्या फेकू नका आणि इस्त्रीही फिरवू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुटी करून वाळवा. खराब आणि फाटक्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँका बदलून देतात.

## टप्पा ४ : कुणाला काय सांगायचं

एकाच ठिकाणी सगळं सांगून चालत नाही. महापालिका चिखल काढते, पंचनामा महसूल खातं करतं, वीज महावितरण बघतं. नगरसेवकाला फोन करायला हरकत नाही. पण तो फोन म्हणजे तक्रार नव्हे, तिचा क्रमांक मिळत नाही.

- जीव धोक्यात असेल तर ११२. रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१. झाड पडून रस्ता किंवा घर अडलं असेल तर अग्निशमन दलच. त्यांचं मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे.
- जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. निवारा, अडकलेली माणसं, गावाचा तुटलेला रस्ता यासाठी.
- चिखल, मेलेली जनावरं, तुंबलेली गटारं, औषध फवारणी यांसाठी तुमच्या भागाचं महापालिका विभागीय कार्यालय. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिक रोड, सातपूर आणि सिडको असे सहा विभाग आहेत. राजीव गांधी भवनात (महापालिका मुख्यालयात) जाऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा विभागाच्या स्वच्छता निरीक्षकाला गाठा, काम लवकर होतं.
- जनावरांसाठी १९६२.

प्रत्येक फोननंतर तक्रार क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं पद वहीत लिहा.

पडलेलं झाड आणि धोकादायक वाटणारं उभं झाड यांत फरक आहे. उभं झाड, ते तुमच्या अंगणात असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज. वादळानंतर "पडणारच होतं" म्हणून कुऱ्हाड चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## टप्पा ५ : पंचनामा

सगळ्या मदतीचं मूळ हा एक कागद. आणि नाशिक शहरात नेमका इथेच घोळ होतो, कारण शहरी माणसाला आपला तलाठी कोण हे माहीत नसतं. खेड्यात भाऊसाहेब कुठे राहतात ते पोरालाही ठाऊक असतं. शहरातही प्रत्येक भाग कुठल्या तरी सजाखाली, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राखाली, येतो. तहसील कार्यालयात विचारलं की सजा आणि तलाठ्याचं नाव मिळतं. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्जावर तसं लिहा. तोंडी तलाठी म्हटलं तरी चालतं.

क्रम असा:

१. पहिल्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज. "येतील तेव्हा येतील" म्हणून बसू नका. पथकं गल्लीच्या तोंडाशी येतात, चार घरं करतात आणि पुढे जातात. आतल्या बोळातलं घर राहून जातं.

अर्ज लांबलचक नको. एवढं पुरे:

*"प्रति, मा. तहसीलदार, नाशिक. विषय: पुरामुळे झालेल्या नुकसानीचा पंचनामा होणेबाबत. दि. ___ रोजी ___ वाजता माझ्या राहत्या घरात / दुकानात ___ फूट पाणी शिरले, ते दि. ___ रोजी ___ वाजता ओसरले. पत्ता, घर क्रमांक / सिटी सर्व्हे क्रमांक: ___. मी मालक / भाडेकरू आहे. नुकसानीची यादी व फोटो सोबत जोडले आहेत. पंचनामा करून नोंद घ्यावी, ही विनंती."*

२. अर्जाच्या दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच परत या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही स्वतःलाच लिहिलेलं पत्र.

३. पथक आलं की घरात जबाबदार माणूस हवा. सगळे कामावर आणि घरात आजी एकटी, असं झालं की आजी सांगते, "काही नाही बाळा, थोडं पाणी आलं होतं." पथक तेच लिहून जातं. आजींना आधी समजावून ठेवा.

४. सही करायच्या आधी वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का? खाते क्रमांकाचा प्रत्येक अंक? मोबाइल नंबर? घराचं नुकसान "अंशतः" लिहिलंय की "पूर्णतः"? टक्केवारी? पाण्याच्या वेळा? रिकामा रकाना ठेवून सही करू नका.

५. पूर्ण पंचनाम्याचा, पंचांच्या सह्यांसकट, फोटो काढा. भाऊसाहेब घाईत असतात. तरी "एक फोटो घेतो" म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

भाडेकरूंसाठी. घराच्या पडझडीची मदत मालकाची. कपडे-भांडी यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाची. वाड्यात एका मालकाच्या नावावर एकच पंचनामा होतो आणि आतली सहा कुटुंबं मदतीवाचून राहतात, असं होऊ देऊ नका. प्रत्येक चुलीची वेगळी नोंद मागा. पुरावा म्हणून भाडेपावती, नसेल तर त्या पत्त्याचं वीजबिल, रेशन कार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला.

शेतकऱ्यांसाठी. सायखेडा, चांदोरी भागात नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यामुळे पाणी रेंगाळतं, तिथल्यांना हे नवीन नाही. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत, म्हणून टक्केवारीचा रकाना नीट बघा. ही मदत उभ्या पिकाच्या क्षेत्रावर मिळते. साठवणुकीच्या चाळीत भिजलेला कांदा तिच्यात मोजला जात नाही. तरीही त्याची वेगळी नोंद आग्रहाने करून घ्या, उद्या विशेष निर्णय निघाला तर जवळ कागद हवा. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा आणि कानातला बिल्ला दिसेल असा फोटो. पुरल्यावर काही सिद्ध करता येत नाही. पीक विमा वेगळा आणि सरकारी मदत वेगळी. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं नसतं. पॉलिसीत कोणत्या जोखमी धरल्यात ते वाचून विम्याची सूचना १४४४७ वर स्वतंत्र द्या.

## टप्पा ६ : पैसे किती, आणि कसे येतात

आकडे आधी कळलेले बरे, म्हणजे अपेक्षा आणि हेलपाटे दोन्ही मापात राहतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार ठळक दर असे:

- मृत्यू: वारसांना ४ लाख रुपये
- पक्कं किंवा कच्चं घर पूर्ण पडलं: सपाट भागात १ लाख २० हजार
- अंशतः पडझड, किमान १५ टक्के: पक्कं घर ६,५००, कच्चं घर ४,०००
- झोपडी: ८,०००, गोठा: ३,०००
- कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००
- दुभती गाय-म्हैस ३७,५००, ओढकाम करणारा बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००
- पीक, हेक्टरी: कोरडवाहू ८,५००, बागायती १७,०००, बहुवार्षिक २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत

दर बदलतात. मोठ्या आपत्तीनंतर राज्य सरकार वाढीव दराचा शासन निर्णयही काढतं. म्हणून चालू दर तहसीलमध्ये विचारून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा धरू नका.

आता त्या वेळेच्या ओळीबद्दल. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी मूळ निकष असा आहे की घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं असावं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असावं. नाशिकचा पूर हा झपाट्याने येणारा आणि झपाट्याने जाणारा. सराफ बाजारात पाणी दुपारी शिरतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उतरतं. म्हणजे कोरा निकष लावला तर गादीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं गेलेलं कुटुंबही बाहेर राहतं. ही अट शिथिल करणारे शासन निर्णय राज्याने यापूर्वी काढले आहेत. तेव्हा पंचनाम्यात वेळा खऱ्याच लिहा, खोटं काही लिहू नका. पण चिखल, सांडपाणी आणि घर राहण्याजोगं नसल्याचे दिवसही नोंदवून घ्या. पाणी गेलं तरी घर चार दिवस वापरता आलं नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि ती कागदावर यायला हवी.

दुकानदार आणि टपरीवाले नेहमीच्या निकषात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सरकार वेळोवेळी वेगळा निर्णय काढतं. तो निघेल की नाही हे पंचनाम्याच्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. "दुकानाला काही मिळत नाही, कशाला लिहायचं" म्हणून पथकाला परत पाठवणारे मग यादीत नसतात.

पैसे येण्याचा मार्ग: पंचनामा, तहसीलकडून पोर्टलवर नोंद, याद्या, आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) लागणाऱ्यांना विशिष्ट क्रमांक. तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी. याद्या ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागतात. यादीत नाव आहे, क्रमांक पडलाय, पण केवायसी केलं नाही म्हणून पैसे अडकलेत अशी माणसं प्रत्येक गावात सापडतील.

यादीत नाव नसेल तर आवक शिक्क्याचा अर्ज आणि पंचनाम्याचा फोटो घेऊन तहसीलदारांकडे लेखी हरकत. तिथे हललं नाही तर आपले सरकार तक्रार पोर्टल, मग जिल्हाधिकारी कार्यालय. प्रत्येक पायरीवर आधीचा क्रमांक जोडा.

> सावध: "तुमची पूरमदत मंजूर झाली, लिंक उघडा, ओटीपी सांगा" असे फोन पुराच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. मदतीसाठी ओटीपी फोनवर सांगायचा नसतो. सांगून बसलात तर लगेच १९३०.

## टप्पा ७ : विमा आणि बुडालेली गाडी

कंपनीला त्याच दिवशी कळवा, ईमेलने किंवा ॲपवरून, म्हणजे तारीख राहते. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. सर्व्हेअर यायच्या आधी दुरुस्ती करावीच लागली तर ईमेलने विचारून करा आणि बदललेले सुटे भाग ठेवून द्या.

गाडीला चावी लावू नका. यापलीकडे या टप्प्यात काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पाण्यात राहिलेल्या गाडीचं इंजिन सुरू केलं की पाणी सिलिंडरमध्ये खेचलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखात जातं. शिवाय इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर नसेल तर कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने नाही, तुम्ही चावी फिरवल्याने झालं. बॅटरीची तार काढा, पाण्याच्या रेघेचा फोटो घ्या, टो करूनच गॅरेजला न्या. दुचाकीलाही हेच, किक मारून बघायची नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही.

दावा नाकारला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग १५५२५५ वर विमा नियामकाकडे. तिथेही सुटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय, वकील लागत नाही, मुदत एक वर्ष. मामांना हे दीड वर्षाने कळलं.

## टप्पा ८ : पाणी, टाकी आणि ताप

नळाला पाणी आलं म्हणजे टाकी स्वच्छ झाली असं नाही. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी गेलेलं असतं. आधी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती ब्रशने घासा, एकदा भरून ब्लीचिंग पावडर टाकून काही तास ठेवा, ते पाणी काढून टाका, मगच वापराचं पाणी भरा. लोक गाळ तसाच ठेवून वरून पावडर टाकतात, ती गाळातच संपते. वापराच्या स्वच्छ पाण्यासाठी चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि टाकल्यावर एक तास थांबा. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या आणि वरचं पाणी टाकीत घाला. प्यायचं पाणी मात्र पंधरा दिवस उकळूनच.

चिखलात काम करताना गमबूट आणि हातमोजे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि तो जखमेतून शिरतो. चिखलात वावरलेल्यांनी जवळच्या मनपा दवाखान्यात, झाकीर हुसेन किंवा बिटको रुग्णालयात प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. मनाने घेऊ नये. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. ते न सांगितल्याने साधा व्हायरल समजून तीन-चार दिवस जातात.

## टप्पा ९ : कागद वाहून गेले असतील तर

आधी आधार, कारण बाकी सगळं त्यावर उघडतं. मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ई-आधार घरबसल्या उतरवता येतं, नसेल तर आधार केंद्रात जाऊन. मग पासबुक, मग रेशन कार्ड. रेशन थांबत नाही, आधारवर अंगठा लावून दुसऱ्या दुकानातूनही मिळतं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. शहरातल्या मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय. जन्म-मृत्यू दाखले महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, दहावी-बारावीची गुणपत्रिका बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळात.

या सगळ्यांच्या अर्जाला पंचनाम्याची प्रत जोडा. आणि मूळ खरेदीखत गेलं असेल तर घाबरू नका. दस्त नोंदवलेला आहे, दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष तेवढं आजच त्या पिशवीतल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.